ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेला खुलं पत्र: एचआयव्हीची गोळी फुकट मिळते, ती चालू ठेवणाऱ्या माणसांचं काय?

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका आणि नवी मुंबई महानगरपालिका, तसंच दोन्हीकडचे सगळे नगरसेवक, नगरसेविका आणि आरोग्य विभागाचे अधिकारी

साहेब, ताई, दादा, सगळ्यांना नमस्कार.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचायला वेळ नाही मिळाला तरी चालेल. एचआयव्हीचं औषध केंद्र सरकारकडून फुकट येतं. पण ते रोज माणसाच्या पोटात जातंय की नाही हे बघणारी वस्तीतली माणसं, म्हणजे पिअर (पेशंटच्यातलेच साथी), ओआरडब्ल्यू (वस्तीत घरोघरी फिरणारे आउटरीच वर्कर), काउन्सेलर, सपोर्ट ग्रुपच्या बायका, यांचं सगळं काम कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टवर चालतं आणि प्रोजेक्ट संपला की ही माणसं घरी बसतात. या कामासाठी दोन्ही महापालिकांनी आपल्या स्वतःच्या बजेटमध्ये वेगळं हेड उघडावं, दरवर्षीचं, कायमचं, कुणाची ग्रँट आली नाही आली तरी चालू राहणारं. एवढीच मागणी आहे.

मी दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या पट्ट्यात ओआरडब्ल्यू म्हणून काम करते, गरज पडली तर कळवा-मुंब्रा साईडलाही जाते. स्वतः पॉझिटिव्ह आहे, बरीच वर्षं झाली, गोळ्या वेळेवर चालू आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मशीनला सापडत नाही इतका कमी आहे आणि तब्येत चांगली आहे. नाव लिहीत नाही कारण मुलीचं लग्न व्हायचंय आणि आमच्या चाळीत फक्त दोन घरांना माहीत आहे. असे आम्ही खूप जण आहोत तुमच्या शहरात, तुमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणारी, एपीएमसीत पाठीवर गोणी उचलणारा, एमआयडीसीत शिफ्ट करणारा, बँकेत बसणारा सुद्धा.

ज्यांनी जुना काळ बघितलाय त्यांना सांगायला नको. भारतात पहिल्या केसेस १९८६ ला चेन्नईत सापडल्या, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या टीमने त्या शोधल्या, आणि त्यानंतर जवळपास अठरा वर्षं गरीब माणसाला औषधच नव्हतं. औषध होतं, पण वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने, डॉ. युसूफ हमीद यांनी, तेच तीन औषधांचं कॉम्बिनेशन वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली तेव्हा सगळ्या जगाचं गणित बदललं. मग १ एप्रिल २००४ पासून सरकारने फुकट एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांची ट्रीटमेंट, सुरू केली, सुरुवातीला मोजक्या हॉस्पिटलात, त्यात आपलं जेजे होतं. ठाणे, कल्याण, नवी मुंबई सगळीकडून लोक जेजेला जायचे, पहाटेची लोकल पकडून, धाप लागलेली माणसं भायखळ्याला उतरून हळूहळू चालत. आज एआरटी सेंटर कळव्याला आहे, ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला आहे, वाशीच्या मनपा हॉस्पिटलला आहे. आधी सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, किती खाली गेलाय ते बघून औषध सुरू करायचे, २०१७ पासून ज्याची टेस्ट पॉझिटिव्ह येईल त्याला लगेच सुरू. आणि आता तर बहुतेकांना दिवसातून एकच गोळी, तीन औषधं एकत्र असलेली टीएलडी. हे सगळं सरकारने केलं, आणि त्याबद्दल मनापासून आभार, कारण मी त्याच्यामुळेच जिवंत आहे.

आकडे पण चांगले आहेत. २०१० पासून २०२३ पर्यंत देशात नवीन लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली, एड्सने होणारे मृत्यू ७९ टक्क्यांनी. पण याच चांगल्या आकड्यांमुळे मीटिंगमध्ये ऐकायला मिळतं की एचआयव्ही आता संपत आला, आता डायबेटिस आणि कॅन्सरकडे बघूया. संपत नाही हो आला. जी माणसं मरत नाहीयेत ती जगतायत आणि त्या प्रत्येकाला आयुष्यभर रोज गोळी घ्यायची आहे. महाराष्ट्रात देशातले सगळ्यात जास्त पॉझिटिव्ह लोक आहेत, म्हणजे मृत्यू जितके कमी होतील तितकी सांभाळायची माणसं वाढणार आहेत, कमी नाही होणार. हे गणित बजेटच्या टेबलावर कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतेय.

आता आमचं काम नक्की काय ते सांगते, कारण बऱ्याच लोकांना वाटतं आम्ही कंडोम वाटतो आणि पथनाट्य करतो. एआरटी सेंटरवरून ड्यू लिस्ट येते, कुणाच्या गोळ्या कधी संपणार आणि तारखेला कोण आलं नाही याची. तारीख चुकली की मिस. तीन महिने आला नाही की तो माणूस कागदावर लॉस्ट. आणि आम्ही त्याला शोधायला निघतो. फोन लावला तर बंद, कारण रिचार्ज संपला किंवा सिम बदललं, पत्ता बघावा तर 'रबाळे, पाण्याच्या टाकीजवळ' एवढाच, आणि तोही पुष्कळदा मुद्दाम चुकीचा दिलेला असतो कारण पहिल्या दिवशी रिपोर्ट हातात आला तेव्हा माणसाला एकच भीती असते की कुणी घरी येईल आणि घरच्यांना कळेल. मग आम्ही पानाच्या टपरीवर, रेशन दुकानावर, त्याच्या गावच्या माणसांमध्ये गप्पा मारत मारत शोधतो, आणि कशासाठी शोधतोय ते कुणालाही कळता कामा नये. गळ्यात आयकार्ड घालत नाही, लाल रिबनवाली पिशवी नेत नाही, कुणी विचारलंच तर बचत गटाचं काम आहे, नाहीतर शिलाईचं. दारात सासू बसलेली असेल तर पाणी पिऊन, इकडचं तिकडचं बोलून परत यायचं आणि संध्याकाळी तिला नळावर गाठायचं.

आणि गोळ्या सुटतात कशाने, तर अडाणीपणाने नाही. हे मला फार कळकळीने सांगायचंय. आमचे पेशंट औषधाबद्दल तुमच्या-माझ्या पेक्षा जास्त बोलू शकतात, व्हायरल लोड पाठ असतो त्यांना. तुर्भे नाक्यावर सकाळी उभा राहणारा माणूस एआरटी सेंटरला आला की त्याचा दिवस गेला, कारण ओपीडी सकाळची आणि नाक्यावरचं काम पण सकाळीच मिळतं, दहानंतर कुणी उचलत नाही. घरकाम करणारी बाई महिन्याला एक सुट्टी मागू शकते, मग ती मुलाच्या शाळेसाठी वापरायची की गोळीसाठी. गोळ्यांच्या डबीचा खुळखुळ आवाज होतो, दहा बाय दहाच्या खोलीत तो सगळ्यांना ऐकू जातो, म्हणून बायका डबीत कापूस कोंबतात, लेबल खरवडून काढतात, किंवा गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवतात. गावाला जायचं असेल, गणपती, शिमगा, लग्न, तर जितक्या दिवसांच्या गोळ्या आहेत तितकेच दिवस जाता येतं, आणि गावच्या सेंटरला ट्रान्सफर घे म्हटलं तर घेत नाहीत कारण तिथला वॉर्डबॉय पाहुण्यातला निघतो.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त गोळ्या सुटतात त्या दोन वेळेला. घर बदलताना, आणि घरातलं कुणी गेल्यावर. भाड्याचं अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपलं, झोपडी तुटली, की माणूस दिघ्यातून दिव्याला जातो, तिथून शिळफाट्याला, आणि त्या धावपळीत ग्रीन बुक, म्हणजे ट्रीटमेंटची नोंद असलेलं पेशंटचं पुस्तक, कुठल्यातरी गाठोड्यात राहून जातं, मग बुक नाही तर सेंटरवाले ओरडतील या भीतीने तो जातच नाही. ओरडत नाहीत खरं तर, पण त्याला हे कुणी सांगायचं? आम्हीच. आणि नवरा गेला की बाई म्हणते आता कुणासाठी खायच्या गोळ्या, बायको गेली की पुरुष दारूकडे जातो. ही दोन्ही कारणं कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाहीत. डॉक्टरांना दिवसाला इतके पेशंट असतात की त्यांना हे विचारायला वेळ नसतो आणि त्यात डॉक्टरांचा काही दोष नाही.

एकाचं सांगते, ओळख पटणार नाही असं. मार्केटमध्ये मालाची चढउतार करणारे एक काका, बायको वारल्यावर गोळ्या बंद केल्या. आमचा एक पिअर, तोही पॉझिटिव्ह, तोही विधुर, रोज रात्री त्यांच्याबरोबर जेवायला बसायला लागला, औषधाचा विषय सुद्धा काढायचा नाही, फक्त स्वतःची गोळी त्यांच्यासमोर घ्यायचा. बरेच दिवस असं चाललं आणि मग एक दिवस काकाच म्हणाले, माझं बुक शोध. तोपर्यंत टीबी झाला होता, पण दोन्ही ट्रीटमेंट एकत्र चालू झाल्या आणि आता ते परत कामावर आहेत. या रोजच्या जेवणाला रिपोर्टमध्ये कॉलम नाही, त्याचा टीए मिळत नाही, आणि त्या पिअरला मिळणाऱ्या मानधनात रेल्वेचा पास आणि घरभाडं मिळून निघत नाही. साहेब, ज्याला आपण कम्युनिटी केअर म्हणतो ते म्हणजे हेच काम, दुसरं काही नाही.

आता प्रोजेक्टचं. देशाचा एड्स नियंत्रण कार्यक्रम टप्प्याटप्प्याने चालतो, पहिला १९९२ ला सुरू झाला, पाचवा १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ असा मंजूर झाला, १५,४७१ कोटींचा. टप्पा संपत आला की वरपासून खालपर्यंत सगळे बघत बसतात की पुढे काय. त्यातही औषध, टेस्ट, एआरटी सेंटर ही कामं सरकार स्वतः करतं, पण घराघरात जाण्याचं काम संस्थांकडे, आणि त्यातलं बरंचसं बाहेरच्या पैशावर. मागे आमच्याकडच्या एका प्रोजेक्टचं फंडिंग थांबलं तेव्हा मी बघितलंय काय होतं ते. ऑफिसचं भाडं भरलं नाही म्हणून कुलूप, रजिस्टर कपाटात, आणि पेशंटच्या ग्रीन बुकवर पेनाने लिहिलेला जो फोन नंबर होता तो नुसता वाजत राहायचा. काही महिन्यांनी दुसरी संस्था आली, चांगली माणसं होती, पण त्यांनी पहिली काय मागितली तर लाईन लिस्ट, म्हणजे पेशंटची नावानिशी यादी. एक बाई मला म्हणाली, ताई मी एकदा तुम्हाला सांगितलं सगळं, आता परत एका नवीन माणसाला सांगायचं का? ती पुन्हा कुणाशी बोलली नाही. लिस्ट एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे जाते, विश्वास नाही जात.

हे फक्त आमच्या वस्तीत होतं असं नाही. ट्रान्सजेंडर लोकांसाठीचं मित्र क्लिनिक २०२१ ला हैदराबाद, कल्याण आणि पुणे असं तीन ठिकाणी सुरू झालं होतं, कल्याण म्हणजे आपलाच जिल्हा. तिथे डॉक्टर, काउन्सेलर सगळे त्यांच्यातलेच होते किंवा त्यांना समजून घेणारे, एचआयव्हीची टेस्ट आणि औषध तर होतंच पण कुणी कपाळाला आठ्या घालत नव्हतं, म्हणून लोक यायचे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि तिन्ही बंद. वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि कल्याणमधल्या माणसाचा डॉक्टर गेला. आपल्या देशात औषधाचा मुख्य खर्च आपलंच सरकार करतं म्हणून आपण वाचलो, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत तर दवाखानेच बंद पडले. पण अशा कामाचं दार दुसऱ्या देशाच्या हातात का असावं, जेव्हा आपल्या एकेका महापालिकेचं बजेट पाच हजार कोटींच्या वर आहे?

फुकट औषधाचंही मी सुरुवातीला जे सहज म्हटलं ना की येतं, ते पण इतकं सहज नाही. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधांचा तुटवडा झाला तेव्हा पॉझिटिव्ह लोक दिल्लीत नाकोच्या, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, ऑफिसबाहेर महिनाभराहून जास्त बसले होते. तुटवडा आहे हे सगळ्यात आधी कुणाला कळतं, तर पेशंटच्या नेटवर्कला, कारण तीस गोळ्यांऐवजी हातात दहा पडतात तेव्हा माणूस पहिला फोन आपल्या पिअरला करतो. आणि लॉकडाऊनमध्ये, २०२० मध्ये, लोकल बंद, ठाण्याहून वाशीला जायचं तर पोलिसांचा नाका, तेव्हा गोळ्या घरपोच कुणी केल्या? हीच माणसं, मानधनावरची. सायकलवर, दुधाच्या टेम्पोतून, मिळेल तसं. तेव्हा सगळे म्हणाले कम्युनिटी वर्कर हे आपले योद्धे आहेत. मग त्यांना कायम का नाही करत?

यावर मला मिळालेलं उत्तर असं की एचआयव्ही हा राज्याचा आणि केंद्राचा विषय आहे, महापालिकेचा नाही. बरं, मग शेजारी बघा. मुंबई महापालिकेकडे १९९८ पासून स्वतःची मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था आहे. आपल्याकडे जिल्ह्याचं युनिट आहे, ते राज्याच्या संस्थेखाली येतं, तिथली माणसं जीव तोडून काम करतात पण त्यांच्याकडे पूर्ण ठाणे जिल्हा, भिवंडीपासून मुरबाडपर्यंत. आणि ज्याच्या गोळ्या सुटतात तो शेवटी येतो कुठे? महापालिकेच्याच हॉस्पिटलात येतो, मेंदूपर्यंत गेलेला टीबी घेऊन, किंवा न्यूमोनिया घेऊन, आयसीयूमध्ये. तो खर्च तुमच्याच बजेटमधून जातो. ज्याचा व्हायरल लोड दबलेला आहे त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही हे आता जगभर सिद्ध झालंय. गरोदर बाईला औषध नसेल तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के, वेळेवर औषध असेल तर ५ टक्क्यांच्या खाली. म्हणजे एका ओआरडब्ल्यूने एका गरोदर बाईला ट्रीटमेंटमध्ये टिकवलं तर एका बाळाचा धोका एवढा खाली येतो. हा विषय महापालिकेचा नाही असं कसं म्हणता येईल?

दुसरं उत्तर असतं सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा. ठाणे-बेलापूर रोडवर एवढ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे जा. गेलोय आम्ही. कंपनीतली माणसं नीट बोलतात, पण त्यांना रिपोर्टसाठी फोटो लागतो, लाभार्थी वस्तू घेताना, मागे बॅनर. आमचा लाभार्थी फोटोत येऊ शकत नाही. तो स्टेजवर येऊन मनोगत सांगू शकत नाही. शिलाई मशीन वाटलं की दिसतं, पण एखाद्याने वर्षभर एकही गोळी चुकवली नाही हे कसं दाखवणार? आणि तेच कारण आहे की आमचा कधी मोर्चाही निघत नाही. पाणी आलं नाही की बायका हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर येतात, नगरसेवकाला घेराव घालतात, आणि पाणी येतं. आम्ही नाही येऊ शकत. तुमच्या प्रभागात किती पॉझिटिव्ह लोक आहेत हे तुम्हाला माहीत नाही आणि माहीत असूही नये, कारण एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि आमची माहिती आमच्या संमतीशिवाय कुणाला देता येत नाही. ज्या माणसांना समोर येऊन मागताच येत नाही त्यांच्यासाठी कोण मागणार? म्हणून आम्ही म्हणतो की हे हेड कुणाच्या मागणीवर, आंदोलनावर, १ डिसेंबरच्या रॅलीवर अवलंबून ठेवू नका. एकदा ठराव करा आणि चालू ठेवा.

पैसे कशाला लागतील ते पण सांगते. मुख्य खर्च माणसांचा. ज्या पिअर आणि ओआरडब्ल्यू आज काम करतायत त्यांना महापालिकेच्या आरोग्य विभागात घ्या, किमान वेतन द्या, पीएफ द्या, आजारपणाची रजा द्या, कारण आम्ही पण पेशंट आहोत. भरती करताना पॉझिटिव्ह लोकांना प्राधान्य द्या पण तसं जाहिरातीत लिहून आम्हाला उघडं पाडू नका, हे कसं करायचं ते आमच्या बरोबर बसून ठरवता येईल. दुसरं, संध्याकाळी गोळ्या मिळायची सोय. नाकोच्या नियमात स्टेबल पेशंटला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची मुभा आहे, त्या तुमच्या नागरी आरोग्य केंद्रातून किंवा संध्याकाळी उशिरापर्यंत चालणाऱ्या आपला दवाखान्यातून दिल्या तर नाक्यावरच्या माणसाचा रोज बुडणार नाही. फक्त तिथे वेगळी खिडकी, वेगळा बोर्ड नको. बीपी-शुगरच्या गोळ्या जिथे मिळतात तिथूनच, त्याच रांगेत. तशाही आमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांना बीपी-शुगर आहेच आता.

मोझांबिक देशात तेते म्हणून प्रांत आहे, तिथे २००८ ला एक पद्धत सुरू झाली, सहा-सहा पेशंटचा गट करायचा आणि दर महिन्याला गटातला एक जण दवाखान्यात जाऊन सगळ्यांच्या गोळ्या आणणार, म्हणजे प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांनी, त्यावेळी त्याची तपासणी पण होते. लांबचं अंतर, भाड्याला पैसे नाहीत, अशा ठिकाणी हे खूप चाललं. आपल्याकडे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही, कारण गट म्हटला की आपलं गुपित पाच जणांना कळणार, आणि चाळीत पाच जणांना कळलं म्हणजे सगळ्यांना. पण जे आधीच एकमेकांना ओळखतात, विधवा बायकांचा सपोर्ट ग्रुप, किंवा एकाच गुरूच्या घरातले किन्नर, किंवा नवरा-बायको दोघेही पॉझिटिव्ह असलेली दोन-तीन कुटुंबं, तिथे नक्की चालेल. दिवा, दिघा, तुर्भे स्टोअर, अशा दोन-तीन ठिकाणी करून बघा. सांगलीला संग्राम संस्थेने नव्वदच्या दशकापासून वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच पुढे करून काम उभं केलं, आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हा पेशंट हा नुसता घेणारा नसतो, चालवणारा पण असतो, हे आपल्याकडे सिद्ध झालेलं आहे.

मुलांचं मात्र मला सगळ्यात जास्त लागतं. जी मुलं जन्मापासून पॉझिटिव्ह होती आणि २००४ नंतरच्या औषधाने वाचली ती आता अठरा-वीस-पंचवीसची झालीत. लहानपणी त्यांना सांगितलेलं असतं की ही ताकदीची गोळी आहे. मग एक दिवस पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोरगं मोबाईलवर गोळीचं नाव टाकतं आणि त्याला सगळं कळतं, एकट्याला, रात्री. त्यानंतर ते गोळ्या फेकून देतं. आईवर राग, मेलेल्या बापावर राग. काहींना आईबाप नाहीतच, आजी सांभाळते, आणि आजीला शाळेतल्या मित्राबद्दल, प्रेमाबद्दल, लग्नाबद्दल काय बोलायचं कळत नाही. या मुलांना त्यांच्याच वयाचं, त्यातून गेलेलं कुणीतरी लागतं. पॉझिटिव्ह मुलीने कॉलेजच्या पोराला कधी सांगायचं, सांगायचं का, नोकरीच्या मेडिकलमध्ये काय होतं, लग्न करता येतं का, मूल होतं का, याची उत्तरं आहेत आणि बरीचशी चांगली आहेत, पण ती देणारं माणूस दर दोन वर्षांनी बदलून कसं चालेल? आईबाप पॉझिटिव्ह असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये आहेत, पण त्याच्या कागदपत्रांमागे फिरायला पण माणूस लागतो आणि ते माणूस म्हणजे पुन्हा आम्हीच.

संजय गांधी निराधार योजनेत पॉझिटिव्ह माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात, पण अट काय तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. वर्षाचं! ठाण्यात, नवी मुंबईत एवढ्या पैशात दोन-तीन महिन्यांचं घरभाडं होतं. हे राज्याच्या हातात आहे मान्य, पण दोन्ही महापालिकांनी ठराव करून सरकारला पाठवला तर त्याला वजन येईल, आमच्या अर्जाला येत नाही.

आणि कायद्यातलं एक साधं काम. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत, आणि आरोग्य सेवेत वीस माणसं असली तरी, भेदभावाची तक्रार ऐकायला एक तक्रार अधिकारी नेमायचा असं या एचआयव्ही कायद्यात लिहिलंय. तुमच्या हॉस्पिटलांत, तुमच्या मुख्यालयात, तुमच्या कॉन्ट्रॅक्टरकडे हा अधिकारी कोण आहे, त्याचं नाव भिंतीवर दिसेल असं लावा. ऑपरेशनच्या आधी रिपोर्ट बघून तारीख पुढे ढकलली जाते, फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलं जातं, हे अजून चालतं, सगळीकडे नाही, पण चालतं, आणि एकदा असं झालं की तो माणूस परत सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही, त्याच्याबरोबर त्याच्या गोळ्या पण जातात.

पुढच्या बजेटची आकडेमोड सुरू व्हायच्या आधी एक मीटिंग घ्या ही विनंती. हॉलमध्ये नको, पत्रकार नकोत, फोटो नकोत, सही करायचं रजिस्टर पण नको. जिल्ह्याच्या एड्स युनिटमार्फत निरोप द्या, तो आमच्यापर्यंत येतो. संध्याकाळी सातनंतर ठेवा म्हणजे कामावरची माणसं येऊ शकतील, आणि ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडचे आरोग्य अधिकारी एकत्र असू द्या कारण आमचे पेशंट ट्रान्सहार्बर लोकलच्या एका टोकाला राहतात आणि दुसऱ्या टोकाला कामाला असतात, हद्द त्यांना माहीत नसते. किती माणसं लागतील, कुठल्या वस्तीत किती, कुणाला किती पगार, हा हिशोब आम्ही लिहून आणू.

आपली,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एक ओआरडब्ल्यू